बारावीपर्यंत चालणारी जोडी पदवीला का तुटते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पदवी प्रवेशांची धांदल सुरू आहे, म्हणून हे पत्र. नाशिकमधली विज्ञान शाखेची बरीच मुले अकरावी-बारावीला मराठी किंवा हिंदीऐवजी जर्मन घेतात. का घेतात हे उघड गुपित आहे, गुण चांगले पडतात. मराठी सुटते याचे मला वाईट वाटते, पण ते पुन्हा कधीतरी. आज मुद्दा एवढाच, की दोन वर्षे कॅल्क्युलस आणि जर्मन व्याकरण एकाच दप्तरात गुण्यागोविंदाने नांदतात आणि बी.एस्सी.ला प्रवेश घेतला की त्यांचा काडीमोड होतो.

आमच्या सोसायटीतल्या एका मुलीला बारावीला जर्मनमध्ये नव्वदच्या पुढे गुण होते. पदवीला तिने गणित हा मेजर, म्हणजे मुख्य, विषय घेतला. नव्या शैक्षणिक धोरणात मायनर, म्हणजे दुय्यम, विषय दुसऱ्या शाखेतलाही घेता येतो, असे कळल्यावर ती जर्मन मागायला गेली. महाविद्यालयाचे नाव घेत नाही, कारण प्रश्न एका महाविद्यालयाचा नाही. तिथे जर्मन मायनर म्हणून नव्हतेच. ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे कुणालाही घेता येणारा छोटा ऐच्छिक विषय, म्हणून होते, दोन क्रेडिटचे, एका सत्रापुरते. ठीक आहे, तेवढे तर तेवढे, म्हणून तिने घेतले. पहिल्या तासाला फळ्यावर मुळाक्षरे आणि ‘माझे नाव अमुक, मी नाशिकला राहते’. शिवाय तो तास नेमका गणिताच्या प्रॅक्टिकलवर येत होता. सर समंजस निघाले, त्यांनी बॅच बदलून दिली. सत्र संपले, जर्मनही संपले. मायनर म्हणून शेवटी संख्याशास्त्र पदरात पडले, कारण तो विभाग तिथे होता. संख्याशास्त्राशी माझे वैर नाही. पण ‘आवडीचा विषय निवडा’ असे भाषणात सांगायचे आणि प्रत्यक्षात कार्यालयाबाहेर लावलेल्या यादीतून काय ते उचला म्हणायचे, ही निवड कसली?

गणित आणि जर्मन ही जोडी ऐकून इथे लोकांच्या भुवया उंचावतात. जर्मनीत उंचावणार नाहीत. तिथे गिम्नाझियममध्ये, म्हणजे विद्यापीठाकडे नेणाऱ्या माध्यमिक शाळेत, शिकवायचे तर उमेदवाराला साधारणपणे दोन विषय घेऊन विद्यापीठ करावे लागते आणि त्यात गणित व जर्मन अशी जोडीही चालते. ब्रिटनमध्ये काही विद्यापीठांतून दोन्ही विषयांची मिळून एकच पदवी मिळते. ती बहुधा चार वर्षांची असते आणि त्यातले एक वर्ष परदेशात काढायचे असते. आपल्याकडेही विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) २०२२ मध्ये एकाच वेळी दोन पदव्या करायला मोकळीक दिली, तासांच्या वेळा एकमेकींवर येत नसतील तर. घोडे पेंड खाते ते वेळापत्रकातच.

‘गणिताला जर्मन कशाला, सगळे इंग्रजीत आले आहे,’ असे माझे गणितातलेच सहकारी म्हणायचे. आले आहे, खरे आहे. तरीही जर्मन गणिती रीमानचा १८५९ सालचा अविभाज्य संख्यांवरचा निबंध घ्या. जेमतेम दहा पानांचा. त्यातले एक अनुमान अजून कुणाला सिद्ध करता आलेले नाही. तिसऱ्या वर्षाला कॉम्प्लेक्स अ‍ॅनालिसिस शिकलेल्या आणि जर्मन बऱ्यापैकी येणाऱ्या विद्यार्थ्याला ही दहा पाने शिक्षकाबरोबर बसून ओळीओळीने वाचता येतील. सगळे समजणार नाही, इंग्रजीतूनही समजत नाही. पण असा प्रकल्प शंभर ‘नोट्स’पेक्षा मोलाचा. शिवाय गणिताची जर्मन कादंबरीच्या जर्मनपेक्षा सोपी असते. शब्द थोडे, तेच ते पुन्हा येणारे, आणि अडलेल्या वाक्यातून सूत्रच हात धरून पुढे नेते. ‘जर’ने सुरू झालेल्या उपवाक्यात क्रियापद शेवटी जाते, त्याने इंग्रजी माध्यमातली मुले आधी गोंधळतात. घरी मराठी बोलतो हे आठवले की सुटतात. रिंग थिअरी या बीजगणिताच्या शाखेत ज्यांचे नाव पदोपदी येते त्या एमी नोएथर यांचे १९२१ चे लेखनही याच भाषेतले.

उलट बाजूही आहे, आणि मला तीच जास्त महत्त्वाची वाटते. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ असेही वाचन आले आणि महाराष्ट्रभर गदारोळ झाला. मंगला नारळीकर यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीचे म्हणणे साधे होते : आपण लिहितो दशक आधी आणि बोलतो एकक आधी, त्यात लहान मुले अडखळतात. जर्मनमध्येही २१ हा आकडा ‘एक आणि वीस’ असाच बोलतात आणि तो ‘वीस एक’ असाही बोलू द्यावा म्हणून तिथली एक संस्था २००४ पासून प्रयत्न करते आहे. आपल्याकडे या वादात विनोद भरपूर झाले. दोन्ही भाषांतल्या मुलांच्या चुका शेजारी ठेवून पाहणारे मात्र कुणी दिसले नाही. ते काम गणित आणि जर्मन दोन्ही रीतसर शिकलेला माणूसच करू शकेल.

दामोदर धर्मानंद कोसंबी हे पुण्यात फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत. १९३३ मध्ये त्यांचा निबंध एका नामवंत जर्मन गणित-नियतकालिकात आला. त्याच माणसाने पुढे भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. त्यांना जर्मनही येत होती. त्यांना कुणी मेजर-मायनर विचारले नव्हते.

नोकरीचे म्हणाल, तर मायको (आताची बॉश) सर्कलच्या गावाला जर्मन कंपनी म्हणजे काय हे सांगायला नको. राज्य सरकारनेही २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. पण त्या वाटेसाठी खासगी क्लास पुरेसे आहेत. ते ए-वन, ए-टू, बी-वन या चढत्या पातळ्यांच्या जर्मन परीक्षा काढून देतात, आणि चांगल्या काढून देतात. विद्यापीठाने क्लासचीच नक्कल केली तर काही साधणार नाही. तिथे वाचन, भाषांतर, इतिहास यांना जागा हवी आणि बारावीला जर्मन घेतलेल्यांना थेट पुढच्या पातळीवर प्रवेश हवा.

एकेका महाविद्यालयाला जर्मन विभाग परवडणार नाही, हे मान्य. पण कॉलेज रोड आणि गंगापूर रोडवरची महाविद्यालये एकमेकांपासून स्कूटरवर दहा मिनिटांवर आहेत. चार-पाच जणांनी मिळून, विद्यापीठाच्या नाशिक उपकेंद्राला सोबत घेऊन, सकाळी सात ते साडेआठ असा एकच सामायिक जर्मन वर्ग तीनही वर्षे चालवावा, आणि त्याची क्रेडिट सगळीकडे मायनर म्हणून धरावीत. सातची वेळ अशासाठी, की तेव्हा कुणाचे प्रॅक्टिकल नसते. शिक्षक कुठून आणायचे, हा प्रश्न येईलच. यातल्या काही आवारांत कनिष्ठ महाविद्यालयाला जर्मन शिकवणाऱ्या बाई आजही येतात. त्यांच्यातल्या पात्र असतील त्यांना आधी विचारा. फक्त तासिका तत्त्वावर दर जूनला नव्याने नेमू नका, पूर्ण पगारावर नेमा.

आपली,
एक निवृत्त गणित शिक्षिका,
गंगापूर रोड, नाशिक