माळ्यावरची प्रगतिपुस्तकं

लीड्स,
16 नोव्हेंबर

ती. आईस,
सा. न.

फोनवर मी मध्येच भलतीकडे जाते आणि तू "अगं, मुद्द्याचं बोल" म्हणतेस, म्हणून आज लिहितेय. मुद्दा आधी सांगते. माझी शाळेतली प्रगतिपुस्तकं हवी आहेत, पहिली ते सहावी. माळ्यावर बाबांच्या पत्र्याच्या ट्रंकेत, गौरींच्या मुखवट्यांच्या खोक्याखाली असतील. तू चढू नकोस, शेजारच्या कुणाला तरी चढव. आणि पानांचे फोटो काढून पाठव. मार्कांचं राहिलं तरी चालेल, शेरे नक्की हवेत.

आता कशाला, ते. गेल्या आठवड्यात इथल्या मानसोपचारतज्ज्ञांकडे जाऊन आले. दोन वर्षं नंबर लावून बसले होते, तुला बोलले नव्हते. मला एडीएचडी आहे का, ते बघतायत. हो, तेच, जे आपल्याकडे वर्गात एका जागी न बसणाऱ्या मुलांबद्दल बोलतात. एक्केचाळिसाव्या वर्षी हे कुठून उपटलं, असं तुला वाटेल. पण हे आत्ता आलेलं नाही, पहिल्यापासून आहे, याचीच त्यांना खात्री करायची आहे. 2013 पासूनच्या निकषांप्रमाणे मोठ्या माणसात लक्ष न लागण्याच्या किंवा चुळबुळेपणाच्या, कुठल्याही एका गटातल्या नऊपैकी पाच लक्षणं पुरतात, पण त्यातली काही वयाच्या बाराव्या वर्षाआधी दिसलेली असावी लागतात. आणि ती वर्षं माझ्यापेक्षा तुला जास्त आठवतात.

चौथीतल्या बाईंचा शेरा मला अजून पाठ आहे. "हुशार आहे, परंतु लक्ष खिडकीबाहेर." त्याखाली तुझी सही. मुलगे बाकांवरून उड्या मारतात म्हणून नजरेत भरतात. माझी तंद्री लागायची, त्याचा वर्गाला काहीच त्रास नव्हता. असल्या कितीतरी मुली तशाच पुढे सरकल्या. शिवाय वय वाढलं की हे आपोआप जातं, असं डॉक्टरही बराच काळ धरून चालले होते. इंग्लंडच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये मोठ्या माणसांचा विचार झाला तोच 2008 साली.

मोठेपणी हे कसं दिसतं, ते तुला एका पाकिटावरून सांगते. काउन्सिल टॅक्सचं पत्र आलं, म्हणजे आपली घरपट्टी समज. खात्यात पैसे होते, भरायला पाच मिनिटं लागतात. विसरायला नको म्हणून पाकीट ओट्यावर मायक्रोवेव्हला टेकवून ठेवलं. तीन-चार दिवसांत ते मला दिसेनासं झालं. जागचं हललं नव्हतं, तरी दिसत नव्हतं. मग आठवायचं ते रात्री दीडला, अंथरुणात. सकाळी पहिलं हेच काम, असं ठरवून झोपायचं आणि सकाळी तिसरंच काहीतरी समोर यायचं. पुढे पुढे तर ते हातात घेतलं की छातीत धडधडायला लागलं. शेवटी दुसरी, कडक भाषेतली नोटीस आली, तेव्हा पंधरा मिनिटांत सगळं भरून मोकळी झाले आणि जिन्यात बसून रडले. आळशी माणसाला निदान पडून राहण्याचं सुख तरी मिळतं. मला त्या सहा आठवड्यांत एक दिवस मिळालं नाही, आई.

डॉक्टरांनी समजावलं ते असं. काम महत्त्वाचं आहे हे कळणं आणि त्या कळण्यातून हात हलणं, यांच्यामध्ये मेंदूचं जे काम चालतं, सुरुवात करणं, वेळेचा अंदाज घेणं, चार गोष्टी एकदम ध्यानात धरणं, ते इथे अडतं. त्यात डोपामिन आणि नॉरअॅड्रेनलिन या रसायनांचा संबंध आहे. गोडी असली किंवा गळ्याशी आलं की गाडी सुटते. तुला तो आकाशकंदील आठवतो? रात्री तीनपर्यंत एका बैठकीत, जेवणसुद्धा विसरून केलेला. "हे जमतं, मग गणितंच कशी जमत नाहीत?" असं तू विचारलं होतंस. तुझा प्रश्न रास्त होता. उत्तर तेव्हा माझ्याकडेही नव्हतं. लक्ष माझ्याकडे भरपूर आहे, ते कुठे लावायचं हे माझ्या हातात नसतं.

आता बाबांबद्दल. हे आनुवंशिक असतं. जुळ्यांच्या अभ्यासांमधून आनुवंशिकतेचा वाटा 70 ते 80 टक्के निघतो. आजी बाबांना आरंभशूर म्हणायची. अर्धी विणलेली वेताची खुर्ची, पाच धड्यांवर थांबलेली पेटी, आणि मंडईत स्कूटर लावून चालत घरी आलेले बाबा. त्यांना हे वाचून दाखवायचं की नाही, तू ठरव. पण विजेचं बिल, विम्याचे हप्ते, माझ्या फिया, सगळ्याच्या तारखा कालनिर्णयवर तुझ्या अक्षरात असायच्या. आम्हा दोघांचं लक्ष तू एकटीने सांभाळलंस. त्याचा तुला किती शीण झाला असेल, हे मी कधी विचारलं नाही. आता विचारतेय, फोनवर सांग.

आणि "माझंच काही चुकलं का" हे मनात आणू नकोस. लाडाने किंवा धाकाने हे होत नाही.

औषध द्यायचं ठरलं तर बहुधा मिथाइलफेनिडेट देतील. ते 1944 साली तयार झालेलं आहे, काल-परवाचं नव्हे. आधी नाडी आणि रक्तदाब बघतात, मग थोड्या मात्रेने सुरू करून हळूहळू वाढवतात. मावशी काळजीने काही म्हणालीच, तर एवढं तिला सांग.

शेवटचं एक काम आहे. दोन फॉर्म आहेत, एक तू भरायचा आणि एक मी. माझा गेले नऊ दिवस टेबलावर कोरा पडलाय. परवा एकदम आठवलं, पाचवीत तू माझ्याशेजारी घेवडा निवडत बसायचीस. शिकवायची नाहीस, बोलायचीही नाहीस, तरी माझा गृहपाठ व्हायचा, आणि तू फोडणी द्यायला उठलीस की माझी पेन्सिल थांबायची. इथे आता उपाय म्हणून हेच करायला सांगतात, कुणाला तरी सोबत बसवून घ्या म्हणतात.

तर रविवारी तुझे चार वाजले की व्हिडिओ लाव, इथे साडेदहा झालेले असतील. मेथीची जुडी घेऊन बस. मी समोर फॉर्म घेऊन बसते. सहावं पान होईपर्यंत उठू नकोस.

बाबांना सा. न.

तुझी,
मनी