साडेतीन वर्षांच्या ताईचं वजन

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सप्टेंबर हा पोषण महिना. आपल्या अंकात महिनाभर गावोगावच्या अंगणवाड्यांचे फोटो येत होते. काट्यावर झोपवलेली तान्ही बाळं, शेजारी पदर सावरत उभ्या असलेल्या आया. 29 वर्षं मी इचलकरंजीत हेच काम केलं. सेविका होते, निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. आज तीन नातींची आजी म्हणून लिहिते आहे, आणि जे लिहिते आहे ते मला नोकरीत असतानाच दिसायला हवं होतं.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या सूनबाईंना जुळ्या मुली झाल्या. दिवस पुरे भरले नव्हते, पस्तिसावा आठवडा चालू होता. एक 1 किलो 900 ग्रॅमची, दुसरी 2 किलो 100 ग्रॅमची. अडीच किलोच्या आतलं बाळ म्हणजे कमी वजनाचं, हे मी वस्तीत किती जणींना समजावून सांगितलं असेल त्याचा हिशेब नाही. पण तो आकडा आपल्या घरातल्या बाळाच्या पायाला बांधलेल्या चिठ्ठीवर वाचला तेव्हा माझे हात कापत होते. नऊ दिवस दोघी नवजात कक्षात काचेच्या पेटीत होत्या. घरी आणल्यावर कांगारू पद्धतीनं छातीशी उघड्या अंगाला लावून ठेवायचं, असं तिथल्या सिस्टरनी बजावलं होतं. एकीला सूनबाई घ्यायची, दुसरीला मी. रात्रपाळी नसली की माझा मुलगा सदरा काढून भिंतीला टेकून बसायचा आणि बाळ त्याच्या छातीवर झोपायचं.

आमच्या घराचा थाट सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. खाली चार मागांचा शेड, वर तीन खोल्या. आमचे हे आणि मुलगा दोघं माग सांभाळतात. मागांची खडखड चालू असली की धाकट्या दोघी गाढ झोपतात, आणि लाईट जाऊन माग थांबले की एकदम दचकून उठतात. पाणी ज्या दिवशी येतं त्या दिवशी घरातलं दुसरं कुठलंही काम होत नाही. एकेकीचं दिवसाकाठी दहा वेळा पाजणं, म्हणजे दोघींचं वीस वेळा. पहिले पंधरा दिवस तर ओढायची ताकद नव्हती म्हणून दूध काढून वाटी-चमच्यानं पाजलं. बाटली घरात येऊ दिली नाही. दोघी इतक्या सारख्या दिसतात की एकीच्या हातात आणि दुसरीच्या पायात काळा दोरा बांधला. कुणाला पाजलं आणि कोण राहिली याच्या खुणा आम्ही भिंतीवरच्या कॅलेंडरवर करत होतो.

या सगळ्यात आमची थोरली, साडेतीन वर्षांची.

धाकट्या घरी आल्या त्या संध्याकाळी आम्ही सगळ्यांनी तिला ‘ताई’ म्हणायला सुरुवात केली. कौतुकानंच केली. आदल्या रात्रीपर्यंत ती आईच्या कुशीत पाय टाकून झोपत होती. त्या रात्री तिचं अंथरूण माझ्या खोलीत आलं, आणि माझ्याही कुशीत एक धाकटी होतीच. दुसऱ्या दिवसापासून ‘ताई, दुपटं आण’, ‘ताई, आवाज करू नको’, ‘ताई, तू मोठी ना आता’. एकदा सहज मोजलं. सकाळपासून दुपारच्या जेवणापर्यंत आम्ही चौघांनी तिला अकरा वेळा काही ना काही आणायला पिटाळलं होतं. ‘ये, बस माझ्याजवळ’ असं एकदाही कुणी म्हटलं नव्हतं.

ती पुन्हा अंथरूण ओलं करायला लागली. बोबडं बोलायला लागली. स्वतःच्या हातानं नीट जेवणारी पोर ‘भरव’ म्हणून बसून राहायची. भरवायला हात रिकामे नसायचे आणि अर्ध्या तासानं कुणीतरी ताट उचलायचं. येणाऱ्या-जाणाऱ्या बायका म्हणायच्या, ‘जळतीय बाळांवर’, ‘नाटकं करतीय’. मला हे शब्द फार लागतात. साडेतीन वर्षांचं लेकरू नाटक करत नाही. तिची आई तिच्यापासून दहा फुटांवर दिवसभर दिसत होती आणि तिला मिळत नव्हती.

आता मुख्य गोष्ट. जूनपर्यंत थोरली आमच्याच गल्लीपलीकडच्या अंगणवाडीत रोज जायची. जुलैपासून जाणं बंद पडलं, कारण नऊ-साडेनऊला तिला सोडायला कुणी मोकळं नसायचं. बंद करायचं असं कुणी ठरवलं नाही. आज राहू दे, उद्या जाईल, असं म्हणत अडीच महिने गेले.

सप्टेंबरच्या शेवटी मी आणि सूनबाई धाकट्यांना वजनाला घेऊन गेलो. थोरली पदराला धरून सोबत. दोघींची वजनं झाली, चांगली भरली, दोघीही तीन किलोच्या पुढे गेल्या होत्या. सेविका आनंदानं आकडे भरत होती, आम्ही दुपटी गुंडाळत होतो. मागं वळून बघितलं तर थोरली मोठ्यांच्या काट्यावर चप्पल काढून उभी. म्हणाली, ‘आजी, माझं पण कर की.’

12 किलो 700 ग्रॅम. जूनमध्ये याच काट्यावर ती 13 किलो 400 होती.

ज्यांना हे आकडे किरकोळ वाटतील त्यांना सांगते. या वयाचं मूल वर्षाला साधारण दोन किलोनं वाढतं. म्हणजे तीन महिन्यांत अर्धा किलो वाढायला हवं होतं, तिथं सातशे ग्रॅम कमी झालं. तरीही तक्त्यावर तिचा ठिपका हिरव्या पट्ट्यातच होता. त्यामुळे कुठेही धोक्याची नोंद होणार नव्हती. आम्हाला प्रशिक्षणात शिकवलं होतं की ठिपका कुठल्या रंगात आहे एवढंच बघू नका, रेघ वर चालली आहे की खाली ते बघा. हेच मी नव्या सेविकांना सांगत आले, आणि माझ्या घरातली रेघ खाली चालली होती ती मला दिसली नाही, कारण मी तिची रेघ बघतच नव्हते.

कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला अंगणवाडीत गरम ताजा आहार मिळतो. माझ्या नोकरीच्या काळात रोज 500 उष्मांक आणि 12 ते 15 ग्रॅम प्रथिनं असं त्याचं माप होतं. पाजणाऱ्या आईचा शिधा घरी आणता येतो. थोरलीच्या वयाच्या मुलाचा आहार मात्र अंगणवाडीत येऊन बसलं तरच ताटात पडतो. मूल आलं नाही की तो थांबला. म्हणजे घरात बाळ जन्मलं आणि त्याच दिवशी मोठ्या भावंडाचं दुपारचं जेवण बंद झालं. वर घरातलं ताट अर्ध्यावर उचललं जात होतं ते वेगळंच.

इथे मला माझ्याबद्दल लिहायचं आहे, आणि ते लिहिताना मला लाज वाटते. माझ्या नोकरीच्या वर्षांत एखादं मूल येईनासं झालं की मी मदतनीसला चौकशीला पाठवायची. ती परत येऊन सांगायची, ‘बाई, त्यांच्या घरी बाळंतीण आहे.’ मी मान डोलवायची आणि हजेरीपटावर गैरहजर मांडायची. बाळंतीण आहे म्हटल्यावर प्रश्नच मिटला असं मला वाटायचं. खरं तर त्याच दिवशी प्रश्न सुरू होत होता. त्या मुलांपैकी कितीजण आमच्या थोरलीसारखी काट्यावर उभी राहून ‘माझं पण कर’ म्हणाली असती, पण काट्यापर्यंत पोहोचलीच नाहीत, हे आता मला रात्री आठवत राहतं. काहींचे चेहरेसुद्धा आठवतात.

घरी येऊन बाळ-बाळंतीण बघणाऱ्या आशा सेविकांची, म्हणजे आशाताईंची, तक्रार करायची नाही. आमच्या आशाताई नेमानं आल्या. दवाखान्यात बाळंतपण झालं की बेचाळीस दिवसांत सहा भेटी असतात, त्या तर दिल्याच, वजन कमी म्हणून मध्येच जादा फेऱ्याही मारल्या. ताप बघितला, बेंबी बघितली, दूध ओढतात का ते शेजारी बसून बघितलं. त्यांच्या फॉर्मवर दोन बाळांची दोन पानं होती. थोरली दर वेळी त्यांच्या पिशवीशी खेळत बसलेली असायची. तिच्याबद्दल विचारायला त्या फॉर्मवर ओळच नव्हती, मग त्या तरी काय विचारणार?

माझी मागणी एवढ्या एका ओळीची आहे. बाळंतपणानंतर घरी जी भेट होते, तिच्या कागदावर एक जास्तीची ओळ हवी: घरात सहा वर्षांच्या आतलं मोठं भावंड आहे का, ते अंगणवाडीत येतं का, आणि या महिन्यात त्याचं वजन झालं का. जुळं असेल तिथे तर हवंच हवं, कारण एका बाळात आईचा एक हात तरी मोकळा राहतो. आणि ज्या घरात बाळंतीण असेल त्या घरचं मूल पहिले तीन महिने मदतनीसनं आणावं आणि पोहोचवावं. मुलांना अंगणवाडीत आणणं हे मदतनीसच्या कामात आधीपासून आहे. फक्त कुणाला आधी आणायचं हे ठरवायला हवं. सेविका-मदतनीसांवर कामाचा बोजा किती आहे ते मला माहीत आहे. रजिस्टरं भरून भरून माझी बोटं वाकडी झाली आहेत, आणि आता मोबाईलमधली नोंद वेगळी. तरीही ही ओळ वाढवा असं मी म्हणते आहे.

जाता जाता सूनबाईच्या ताटाचंही लिहिते. पाजणाऱ्या आईला पहिल्या सहा महिन्यांत रोज सुमारे 600 उष्मांक जादा लागतात, आणि माझ्या नोकरीच्या काळात तिच्या शिध्याचं मापही 600 चंच होतं. हे झालं एका बाळाचं. दोन बाळांना पाजणाऱ्या आईलाही तेवढंच माप मिळतं. आमच्याकडे हळीव होते, डिंकाचे लाडू होते, दूध होतं, म्हणून निभावलं. सगळ्यांच्या घरी नसतं.

आता नातेवाईक आणि शेजारीपाजारी. बारशाला साठ-सत्तर माणसं आली. प्रत्येकानं दोन झबली आणली, दोन खुळखुळे आणले. थोरलीच्या हातावर काही ठेवणाऱ्या दोघीच निघाल्या. आमच्या शेजारच्या कानडी आजींनी तिला चार बांगड्या आणल्या होत्या आणि सूनबाईच्या मावशीनं तिला उचलून आधी तिचा मुका घेतला, मग पाळण्याकडे गेल्या. बाकी बऱ्याच जणांनी तिच्या देखत ‘आता तिन्ही मुलीच का?’ असं विचारलं. सूनबाई खाली बघत राहिली. मी उत्तर दिलं, ते इथे लिहीत नाही. पण त्या रात्री थोरलीनं मला विचारलं, ‘आजी, मुली जास्त झाल्या का?’ माझ्या एवढ्या वर्षांच्या आयुष्यात मला कुठल्याही प्रश्नानं एवढं गप्प केलं नव्हतं. जुळ्यांच्या घरी जाणाऱ्या प्रत्येकाला हात जोडून सांगते, हा प्रश्न मोठ्या माणसांना विचारला असं तुम्हाला वाटतं, पण ऐकणारं माणूस तुमच्या गुडघ्याएवढं असतं.

वजनाच्या त्या दिवसानंतर आम्ही काय केलं? फार काही नाही. दुपारी दोन वाजता धाकट्या झोपल्या की सूनबाईनं भांड्यांना हात लावायचा नाही, थोरलीला घेऊन झोपायचं. भांडी पडू देत. हे सांगितल्यावर सूनबाई आधी घाबरली. म्हणाली, ‘आत्या, लोक काय म्हणतील, स्वयंपाकघर असं उघडं पडलंय.’ मी म्हटलं, लोकांना मी बघते. सकाळी थोरलीला अंगणवाडीत सोडायला आता तिचे आजोबा जातात. चारांपैकी दोन माग तेवढा अर्धा तास बंद ठेवतात. तेवढ्या मीटर कापडाचं नुकसान होतं, ते त्यांनी स्वतःच कबूल केलं. ताई ही हाक आम्ही सोडून दिली, तिला तिच्या नावानं हाक मारतो. ताई म्हणायचं ते धाकट्या म्हणतील, त्यांना बोलायला येईल तेव्हा. आणि एका संध्याकाळी धाकटीला छातीशी धरून बसले होते तेव्हा थोरली म्हणाली, ‘मला पण कांगारू.’ धाकटीला मुलाकडे दिलं आणि साडेतीन वर्षांची पोर पदराखाली घेतली. तिचे पाय बाहेर लोंबत होते. पंधरा मिनिटं ती काही बोलली नाही, नुसती माझ्या श्वासाबरोबर श्वास घेत होती. तेव्हापासून रोज घेते.

एक गंमत, जी आमच्यापैकी कुणालाच जमली नव्हती. दोघींपैकी कोण रडते आहे हे थोरली दुसऱ्या खोलीतून आवाजावरून सांगते, आणि दोरा बघितला तर तिचंच खरं निघतं. हे आम्हाला कळलं ते तिला कामाला पिटाळणं बंद केल्यावर. मग ती आपणहून पाळण्याशी जाऊन बसायला लागली.

काल तिचं वजन 13 किलो 100 भरलं. जूनच्या आकड्याला अजून पोहोचायचं आहे.

आपल्या वाचकांत सेविका, मदतनीस, आशाताई असतील. त्यांच्यावर देखरेख करणाऱ्या मुख्यसेविका आणि अधिकारीही असतील. त्या एका ओळीसाठी वरून आदेश यायची वाट बघण्याची गरज नाही, वहीच्या समासात पेन्सिलीनं लिहिली तरी चालेल. साडेबारा वाजत आले. थोरली अंगणवाडीतून यायची वेळ झाली आहे आणि जिन्याचं दार उघडायला मी जाते असं मी तिला कबूल केलं आहे, म्हणून इथे थांबते.

आपली,
एक निवृत्त अंगणवाडी सेविका, इचलकरंजी