सहकारमंत्र्यांना खुले पत्र : भाडेकरूचे आडनाव सोसायटीने का विचारायचे?

माननीय सहकारमंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस
स.न.वि.वि.

डोंबिवलीतल्या एका सहकारी गृहनिर्माण संस्थेचा मी सचिव आहे. या पदाला पगार नाही, मान बेताचाच, आणि पंप बंद पडला की पहिला फोन मला. पण आजचा विषय पाणी नाही, भाडेकरू आहे.

आमच्याकडे फ्लॅट भाड्याने जायचा असला की एजंट आधी मला फोन करतो. भाडं-डिपॉझिट राहतं बाजूला. "काका, फॅमिली आहे, व्हेज आहे, आपल्यातलेच आहेत," इथून सुरुवात. मुस्लिम जोडपं असेल तर तो फोनही करत नाही, परस्पर "फ्लॅट गेला" सांगून मोकळा होतो. एकटी राहणारी नोकरदार मुलगी असेल तर कमिटीला तिच्या येण्याजाण्याच्या वेळा हव्या असतात. दलित कुटुंबाला तोंडावर कोणी नाही म्हणत नाही. आडनाव कळलं की मालकाचा भाचा अचानक तिथे राहायला येणार असतो.

साहेब, आदर्श उपविधींनुसार, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांनुसार, फ्लॅट भाड्याने द्यायला सोसायटीची परवानगी लागत नाही, फक्त कळवावं लागतं. व्यवहारात मात्र एनओसी मागितली जाते. नाही आणली तर सामानाचा टेम्पो गेटवर अडतो आणि लिफ्ट नेमकी त्याच दिवशी दुरुस्तीला निघते. घर विकत घेणाऱ्याला निदान सहकार कायद्याच्या कलम 23 चा आधार आहे. पुरेशा कारणाशिवाय त्याचं सदस्यत्व नाकारता येत नाही, आणि नाकारलंच तर सहकार खात्याच्या निबंधकाकडे अपील करता येतं. भाडेकरूने जायचं कुठे?

कायदे अगदीच नाहीत असं नाही. तृतीयपंथीयांना घर भाड्याने नाकारणं हा भेदभाव आहे, असं 2019 च्या कायद्यात लिहिलंय. एचआयव्हीबाधितांसाठी तशी तरतूद 2017 च्या कायद्यात आहे. अस्पृश्यतेवरून राहायची जागा अडवणं नागरी हक्क संरक्षण कायद्याने 1955 पासून गुन्हा आहे, पण भाचा येणार म्हणणाऱ्यावर तो लावणार कसा? धर्मावरून, जेवणावरून किंवा लग्न झालं नाही म्हणून नकार मिळाला, तर खाजगी मालकाला किंवा सोसायटीला जाब विचारणारा थेट कायदा माझ्या तरी पाहण्यात नाही. संविधानाच्या कलम 15 मध्ये दुकानं, हॉटेलं, विहिरी, तलाव आहेत. भाड्याचं घर नाही. मुस्लिमांच्या स्थितीचा अभ्यास करणाऱ्या सच्चर समितीने भेदभावाच्या तक्रारी ऐकणाऱ्या समान संधी आयोगाची शिफारस केली त्याला 2006 पासून किती वर्षं झाली, ते आपणच मोजावं.

सप्टेंबर 2023 मध्ये मुलुंडला एका महिलेला मराठी म्हणून ऑफिससाठी जागा नाकारली, तेव्हा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दोन दिवस आग होती. असायलाच हवी होती. पण ती ओकणाऱ्यांतल्या काहींनी आमच्याच सभेत "नॉनव्हेजवाले नकोत" म्हणून हात वर केला होता. नव्या इमारतींत मराठी माणसासाठी 50 टक्के घरं राखीव ठेवा, अशी मागणी पुढे येते. तिच्यामागचा राग मला कळतो, पण उरलेल्या भाडेकरूंचं आडनाव विचारणं त्याने थांबणार नाही.

आणि भाडेकरू नाकारणारी हीच घरं म्हाताऱ्यांसाठी ब्युरोतून मावशी मागवतात, तिचीही जात चौकशीत येते. आजींचे डायपर बदलणाऱ्या त्या बाईला मेन लिफ्ट वापरू नका म्हणणारी पाटी मी काढायला लावली, तर पुढच्या मीटिंगमध्ये मलाच काढायचा ठराव आला. पडला, ते सोडा.

हरकत काय येईल ते ठाऊक आहे. सोसायटी स्वेच्छेने एकत्र आलेल्यांची असते, आणि अहमदाबादच्या पारशी सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये सदस्यत्व समाजापुरतं ठेवणारा उपविधी मान्य केला. पण तो निकाल कायद्यात तशी बंदी नव्हती म्हणून लागला, आणि तिथे प्रश्न सदस्यत्वाचा होता. माझा प्रश्न सदस्याच्या मालकीच्या घरात कोण राहणार, याचा आहे. मालकाने पगाराची स्लिप बघावी, पोलीस व्हेरिफिकेशन करावं, डिपॉझिट घ्यावं. त्याला कोण नाही म्हणतंय?

शासनाने मनावर घेतलं तर काय होतं, तेही आम्ही पाहिलंय. मालक स्वतः न राहता घर भाड्याने देतो म्हणून घेतल्या जाणाऱ्या बिनभोगवटा शुल्काच्या नावाखाली सोसायट्या वाटेल ती रक्कम उकळत होत्या. 2001 मध्ये शासनाने सहकार कायद्याचं कलम 79अ, म्हणजे सोसायट्यांना निर्देश देण्याचा अधिकार, वापरून ते सेवा शुल्काच्या 10 टक्क्यांवर आणलं. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, तरी टिकलं. तेच कलम पुन्हा वापरा. धर्म, जात, भाषा, आहार, लिंग, अपंगत्व किंवा वैवाहिक स्थितीवरून भाडेकरू अडवणारा कुठलाही ठराव वा तोंडी नियम अवैध ठरेल, असा आदेश काढा. भाडेकरूची तक्रार उपनिबंधकाने नोंदवून घ्यावी आणि ठरावीक मुदतीत लेखी उत्तर द्यावं, हेही त्यातच घाला. नाहीतर "तुम्ही सभासद नाही" म्हणून अर्ज टेबलावरूनच परत येईल.

आमची वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. आदेश ऑगस्टपर्यंत हाती आला, तर मला तो विषयपत्रिकेवर घेता येईल.

आपला,
एका गृहनिर्माण संस्थेचा सचिव, डोंबिवली