शिष्यत्वाची किंमत लपवू नये

महोदय,

बाणावलीत 1651 साली जन्मलेल्या संत जोसेफ वाझ यांचे फेस्त 16 जानेवारीला गोव्यात भक्तिभावाने साजरे होते. मात्र त्यांनी ख्रिस्ताचे शिष्यत्व कोणत्या मोलाने पत्करले, याची चर्चा क्वचितच होते. डचांनी कॅथलिक धर्मगुरूंना मज्जाव केलेला असताना ते 1687 मध्ये वेषांतर करून श्रीलंकेत उतरले आणि पुढे कँडीत पोर्तुगीज हेर समजून त्यांना कैदेत टाकण्यात आले. 1697 मध्ये तेथे देवीची साथ पसरली, तेव्हा घरच्यांनीही टाकून दिलेल्या रुग्णांना त्यांनी आसरा दिला, अन्नपाणी दिले, त्यांची शुश्रूषा केली, आणि हे करताना कोणाचाही धर्म पाहिला नाही. 1711 मध्ये कँडीतच त्यांनी देह ठेवला. लोक त्यांच्याकडे ओढले गेले ते याच त्यागामुळे, असे मला मनापासून वाटते.

बुरूज बांधायला घेण्यापूर्वी बसून खर्चाचा हिशेब करावा, असे येशूने मागून येणाऱ्या जमावाला स्पष्टच सांगितले होते, हे लूकच्या शुभवर्तमानाच्या 14व्या अध्यायात आहे. तरीही काही प्रवचनांतून केवळ आरोग्य, यश आणि भरभराट यांचेच आश्वासन दिले जाते, तेव्हा ती तरुणांची फसवणूक ठरते. वैऱ्याला क्षमा करणे, खोट्या व्यवहाराला नकार देऊन नुकसान सोसणे, अंथरुणाला खिळलेल्या शेजाऱ्याची मळलेली चादर स्वतः बदलणे, हे सारे त्यांना आधीच सांगायला हवे. तरुण मन मोठ्या मागणीनेच पेटून उठते.

फेस्तापूर्वीच्या नोव्हेनातील, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थनेतील, एक दिवस प्रत्येक धर्मग्रामाने (पॅरिशने) यासाठी राखून ठेवावा आणि त्या दिवशी दृढीकरण (कन्फर्मेशन) या संस्काराची तयारी करणाऱ्या मुलांना जवळच्या वृद्धाश्रमात सेवेसाठी न्यावे, ही नम्र विनंती.

– एक वाचक, मडगाव