अर्धे उत्पन्न करमुक्त, पण कोणाचे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अर्थविषयक पुरवणीतील ‘नोकरी सोडा, कर वाचवा’ हा लेख मी दोनदा वाचला. पहिल्यांदा चहा घेता घेता वाचला आणि दुसऱ्यांदा गेल्या वर्षीचे विवरणपत्र शेजारी ठेवून वाचला. लेखकाची भाषा ओघवती आहे, उदाहरणे सुटसुटीत आहेत आणि लेख वाचून एखाद्या पगारदाराला दुपारच्या जेवणाआधी राजीनामा लिहावासा वाटला तर त्यात त्याचा दोष नाही. नोकरी सोडून सल्लागार झाल्यास १९६१च्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम ४४एडीएखाली मिळालेल्या फीची निम्मीच रक्कम उत्पन्न म्हणून धरली जाते, हे लेखकाने चार वेळा सांगितले आहे. ही सोय नेमकी कोणाला आहे, हे मात्र त्यांनी एकदाही सांगितलेले नाही. लेखाखाली ते स्वतः सनदी लेखापाल असल्याची नोंद आहे. ही सोय ज्या व्यवसायांना आहे त्यांची एक यादी आहे. लेखापालन त्या यादीत असल्यामुळे यादीची आठवण ठेवण्याची वेळ त्यांच्यावर आली नसावी.

माझ्यावर ती आली. चाकणजवळच्या एका कारखान्यात मी बावीस वर्षे खरेदी विभागात नोकरी केली. मार्च २०२४ मध्ये आमच्यापैकी काही जणांना बोलावून सांगण्यात आले, की १ एप्रिलपासून आपण कर्मचारी नसून सल्लागार असाल, काम तेच, टेबल तेच, वेळ तीच, आणि पैशांत एका रुपयाचाही फरक पडणार नाही. हे शेवटचे आश्वासन तर अक्षरशः पाळले गेले. माझी सीटीसी, म्हणजे कंपनीला माझ्यावर येणारा एकूण खर्च, महिना ९५,००० रुपये होती, फीही ९५,००० रुपयेच ठरली. पहिल्या रकमेत भविष्य निर्वाह निधीतील कंपनीचा वाटा आणि ग्रॅच्युइटीची तरतूद धरलेली होती, दुसरीत ती दोन्ही माझी मीच करायची होती, एवढाच काय तो फरक. जुन्या बावीस वर्षांची ग्रॅच्युइटी वेळेवर मिळाली, हे मात्र प्रामाणिकपणे नमूद करतो.

पहिल्या महिन्यात दोन टक्के, म्हणजे १,९०० रुपये, करकपात होऊन ९३,१०० रुपये खात्यात जमा झाले. पूर्वी हातात जेमतेम ७६ हजार यायचे. त्यामुळे वर्षभर मी घरात पगारवाढ झाल्यासारखा वावरलो आणि मुलीला स्कूटर घेऊन दिली. दर महिन्याला स्वतःच्या नावाने कंपनीला बिल लिहायचे आणि त्याच इमारतीतल्या लेखा विभागात ते स्वतः नेऊन द्यायचे, ही गोष्ट सुरुवातीला थोडी गमतीची वाटत होती. ज्या लिपिकाने पंधरा वर्षे मला ‘साहेब’ म्हटले, त्याने पहिले बिल पॅन क्रमांक लिहिला नाही म्हणून परत केले आणि वर ‘व्हेंडरचा कोड आल्याशिवाय पेमेंट निघणार नाही’ असेही बजावले. व्हेंडर म्हणजे मी.

माझ्या शेजारच्या टेबलावर मेंटेनन्सचे एक अभियंते बसतात. तेही त्याच दिवशी आणि योगायोगाने तेवढ्याच फीवर सल्लागार झाले. अभियांत्रिकी यादीत आहे, म्हणून त्यांच्या फीतून दहा टक्के करकपात झाली आणि ते वर्षभर कुरकुर करत राहिले. वर्षाअखेरीस त्यांच्या ११,४०,००० रुपयांचे निम्मे, म्हणजे ५,७०,००० रुपये, उत्पन्न धरले गेले. नव्या करप्रणालीत त्या वर्षी सात लाखांपर्यंत सूट असल्यामुळे कर शून्य झाला आणि कापलेले १,१४,००० रुपये त्यांना परत मिळाले. माझ्याबाबत मात्र आमच्या सीएंनी यादी वाचून दाखवली : कायदा, वैद्यक, अभियांत्रिकी, वास्तुरचना, लेखापालन, तांत्रिक सल्ला, अंतर्गत सजावट, आणि पुढे अधिसूचनेने आलेले माहिती तंत्रज्ञान, कंपनी सचिव, चित्रपट कलावंत वगैरे. पुरवठादारांशी घासाघीस करून स्टीलचा दर उतरवणारा बी. कॉम. झालेला माणूस तीत कुठे बसतो, असे मी विचारले. ‘कुठेच नाही,’ ते म्हणाले, ‘म्हणून तर तुमचे दोनच टक्के कापले होते.’

मग खरा खर्च दाखवणे आले. आपल्या लेखात ‘घरभाडे, वीज, इंटरनेट, प्रवास, सारे काही वजा करा’ असे उदारपणे म्हटले आहे. वजा करायला आधी खर्च व्हावा लागतो, आणि मी तर कंपनीच्या खुर्चीवर, कंपनीच्या संगणकावर काम करतो आणि जेवणही कंपनीच्या कॅन्टीनमध्ये कुपनावर घेतो. पेट्रोलच्या पावत्या मात्र मी वर्षभर एका पिशवीत जपून ठेवल्या होत्या. गेल्या जुलैमध्ये ती पिशवी सीएंच्या टेबलावर रिकामी केली, तेव्हा एप्रिल ते ऑगस्टच्या जवळजवळ सगळ्या पावत्या कोऱ्या निघाल्या. पंपावरच्या यंत्राची शाई एवढे दिवस टिकत नाही, हे त्यांना ठाऊक होते, मला नव्हते. उरलेल्या पावत्या, मोबाइलची बिले आणि एका जुन्या लॅपटॉपचा घसारा मिळून कसाबसा ३८ हजारांचा खर्च उभा राहिला. पगारदार असतो तर ७५ हजारांची प्रमाणित वजावट एकही पावती न दाखवता मिळाली असती.

हिशेब असा निघाला : उत्पन्न ११,०२,०००, कर उपकरासह सुमारे ६८ हजार, आधीच कापलेले २२,८००, म्हणजे भरायचे ४५ हजार. त्यावर आगाऊ कर न भरल्याचे व्याज चार हजारांहून थोडे अधिक. नोकरीत असताना हा कर दर महिन्याला आपोआप कापला जात असल्यामुळे जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्च या महिन्यांची पंधरा तारीख मला बावीस वर्षांत कधी लक्षात ठेवावी लागली नव्हती. ‘आगाऊ कर १५ मार्चला एकदाच भरला की झाले’ हे आपल्या लेखकांचे वाक्यही अनुमानित उत्पन्न, म्हणजे वर सांगितलेले निम्मे, दाखवणाऱ्यांनाच लागू आहे. माझ्यासारख्याने त्यावर विसंबून राहिल्यास आधीच्या तिन्ही हप्त्यांवर व्याज लागेल.

लेखातील चौकटीबद्दलही लिहिणे भाग आहे. २४ लाख फी, निम्मे म्हणजे १२ लाख उत्पन्न, कर शून्य, हे गणित २०२५-२६ या वर्षासाठी बरोबर आहे. मात्र सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटीची नोंदणी, प्रत्येक बिलावर १८ टक्के आकारणी आणि त्याची विवरणपत्रे हे सगळे ओघाने येते. खुद्द लेखकाने निवडलेला सल्लागार ती मर्यादा ओलांडून बसला आहे आणि लेखात जीएसटी हा शब्दही नाही. त्याच चौकटीच्या तळाशी एक तारांकित टीप होती, ती फिकट गुलाबी पार्श्वभूमीवर राखाडी रंगात आणि अशा आकारात छापलेली होती, की पन्नाशी उलटलेल्या वाचकाला भिंगाशिवाय गत्यंतर नाही. मी भिंग आणले. ‘अटी लागू’ एवढेच लिहिले होते.

मुळात जो माणूस साडेनऊला कार्ड पंच करतो, रजेसाठी साहेबांची परवानगी घेतो आणि दुसऱ्या कोणाचेही काम करणार नाही असे लिहून देतो, तो सल्लागार कसा, हा प्रश्न लेखकाला पडलेला नाही. सौराष्ट्रातील मिठागरांवर राबणाऱ्या आगरियांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पन्नासच्या दशकातच सांगून ठेवले आहे, की काम काय करायचे एवढेच नव्हे तर ते कसे करायचे हेही मालक ठरवीत असेल, तर करणारा त्याचा कामगार होय. आगरिये स्वतःची माणसे मदतीला आणत असत, तरीही न्यायालयाने त्यांना कामगारच मानले. माझ्या मदतीला तर कोणी नाही. आमच्या सीएंच्या मते मला मिळते ती रक्कम पगारच ठरू शकेल, पण ते सिद्ध करण्यासाठी मला कंपनीविरुद्ध उभे राहावे लागेल, आणि तसे उभे राहिल्यावर पुढचे बिल कोणाकडे द्यायचे हे त्यांनी सांगितले नाही.

जाता जाता राज्य सरकारबद्दलही. पूर्वी पगारातून व्यवसाय कराचे दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जात. पगार गेला तसा हा करही गेला, असे मी समजून होतो. प्रत्यक्षात स्वतंत्र काम करणाऱ्याने स्वतः नावनोंदणी करून तेच २,५०० रुपये ३० जूनपर्यंत भरायचे असतात. मला ते वर्ष उलटून गेल्यावर कळले आणि त्याचेही व्याज भरले. अडीच हजार जड नाहीत, पण ते भरायचे आहेत हे कळवणारे एक पत्रही आले नाही. आपल्या लेखातही त्याचा उल्लेख नाही, त्यामुळे या बाबतीत सरकार आणि वृत्तपत्र यांचे एकमत दिसते.

पुढच्या आठवड्याच्या पुरवणीत ती यादी पूर्ण, ठळक आणि शक्य असल्यास काळ्या शाईत छापावी, ही विनंती. माझे नाव मात्र कृपया छापू नये, कारण येत्या पाच तारखेला मला त्याच लेखा विभागात बिल घेऊन जायचे आहे.

आपला नियमित वाचक,
चिंचवड, पुणे