'फाईन' म्हणजे नक्की काय

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री तुझ्या रूममेटचा आईला फोन आला होता. साबुदाण्याची खिचडी कशी करायची, विचारत होती. बोलता बोलता म्हणाली, "दवाखान्यातून आल्यापासून तिला तेवढंच खावंसं वाटतंय." न्यूमोनिया. तीन रात्री ॲडमिट. त्या तीन दिवसांत मी तुला दोनदा विचारलं होतं, दोन्ही वेळा उत्तर आलं, 'आय ॲम फाईन, बाबा.'

रागावून लिहीत नाही. झोप लागेना, म्हणून जुना कोश काढून 'फाईन' बघत बसलो. एकतीस वर्षं वाचनालयात हा शब्द रोज तोंडी होता, दिवसाला पंचवीस पैसे. मुळाशी मात्र कधी गेलो नाही.

मूळ लॅटिन 'फिनिस', म्हणजे शेवट, हद्द. जे शेवटाला गेलं, पूर्ण झालं, ते फ्रेंचांनी अव्वल दर्जाचं ठरवलं. आईच्या पाटल्यांवर ९१६ आहे ना, म्हणजे हजारात ९१६ भाग फाईन सोनं. दंडाचा फाईनही तिथलाच. पैसे भरले की तंटा संपला. तू राहतेस त्याच इंग्लंडात जमिनीचा व्यवहार पक्का करायला कोर्टात लुटुपुटूचा दावा लावून तडजोड करत, तिलाही फाईन म्हणायचे. एकाच चामड्यावर तीन प्रती, दोन दोघा पक्षांना, तळची कोर्टाकडे. १८३३ च्या कायद्याने ते बंद झालं. 'फायनान्स'सुद्धा देणं चुकतं करण्यातूनच आला. वाचून मजा वाटली, आणि मग लक्षात आलं की तूही तेच करतेस. 'फाईन' म्हणतेस, बाबाचं देणं चुकतं करतेस आणि सुटतेस.

कफाचा रंग कसा आहे? गोळ्यांचा कोर्स मध्येच सोडायचा नाही, बरं वाटलं तरी. ओले केस घेऊन बाहेर पडायचं नाही. जेवण टाळून कॉफीवर दिवस काढतेस ते मला माहीत आहे. पाणी पी. तिथली थंडी... असो. सुरू झालो. तू सव्वीस वर्षांची आहेस, क्षमा कर. एकटीने ९९९ लावून ॲम्ब्युलन्स बोलावलीस म्हणे. चोख सोन्यावर हाच आकडा कोरतात. ऐकून छाती फुगली, आणि लगेच धडधडायलाही लागली.

घर बांधताना तू वाळूच्या ढिगावर बसायचीस, आठवतं? गवंडी चाळणी हलवायचा आणि खाली पडलेली बारीक वाळू तू फ्रॉकच्या ओच्यात भरायचीस. पुढे इंजिनिअरिंगला गेल्यावर तूच मला शिकवलंस, पावणेपाच मिलिमीटरच्या चाळणीतून पडते ती 'फाईन ॲग्रिगेट'. फाईन म्हणजे बारीकही, हे तुझ्याकडून कळलं. ते आधी कळलं असतं तर बरं झालं असतं.

आजीच्या केसपेपरवर डॉक्टरांनी 'फाईन क्रेप्स' लिहिलं होतं. मी आईला म्हणालो, बघ, छातीत सगळं फाईन आहे. ती श्वासाबरोबर ऐकू येणारी बारीक चरचर असते, फुप्फुसात पाणी किंवा संसर्ग असल्याची खूण. तेव्हा तुझी शेवटच्या वर्षाची परीक्षा होती. मी तुला कळवलं, 'इकडे सर्व क्षेम.' शेवटचा पेपर झाल्यावर कळवलं तेव्हा तू पोचलीस ती दहाव्यालाच. त्यावर तू मला कधी काही बोलली नाहीस. मीही नाही.

तर तुला कुठल्या तोंडाने सांगू. पण सांगतो. उत्तरात तो शब्द घालू नकोस. ताप किती, जिना चढताना धाप लागते का, रात्री खोकल्याने किती वेळा जाग येते, एवढं लिही. आई म्हणते साबुदाणा इतक्यात नको, मऊ भात आणि मेतकूट खा. मेतकुटाचा डबा तुझ्या निळ्या बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात आहे. तू अजून उघडला नसशील.

तुझा,
बाबा

ता. क. परवा फोनवर माझी शुगर नॉर्मल आली म्हणालो होतो. उपाशीपोटी २१० होती. आईला अजून सांगितलेलं नाही.