बालकलाकाराची कमाई कोणाची?

महोदय,

बालकलाकारांच्या मानधनाचा विषय निघाला की जॅकी कूगनची हकिगत सांगावीशी वाटते. चार्ली चॅप्लिनच्या ‘द किड’मध्ये (१९२१) दगड मारून खिडक्यांच्या काचा फोडणारा आणि मागून येणाऱ्या काचवाल्या चार्लीला गिऱ्हाईक मिळवून देणारा हा अमेरिकी चिमुरडा जगभर लाडका झाला आणि त्याने तीस-चाळीस लाख डॉलर कमावल्याचे सांगितले जाते. १९३५ मध्ये तो सज्ञान झाला तेव्हा मात्र आई व सावत्र वडिलांनी बहुतेक रक्कम उधळल्याचे दिसले आणि तत्कालीन कायद्यानुसार अल्पवयीन मुलाची कमाई आईबापांचीच असल्याने, १९३८ मध्ये दावा लावूनही त्याच्या हाती जेमतेम सव्वा लाख डॉलर पडले. (पुढे दूरचित्रवाणीवर ‘द ॲडम्स फॅमिली’ या विनोदी मालिकेत त्याने ‘अंकल फेस्टर’ हे पात्र रंगवले, पण ते वैभव परतले नाही.) या प्रकरणामुळे कॅलिफोर्नियात १९३९ मध्ये बालकलाकाराच्या कमाईचा काही भाग त्याच्यासाठी राखून ठेवण्याची तरतूद करणारा, त्याच्याच नावाने ओळखला जाणारा कायदा आला, त्यातील पळवाटा बुजवायला २००० साल उजाडावे लागले.

आपल्याकडेही केंद्राच्या २०१७ च्या बालकामगारविषयक नियमांनुसार बालकलाकाराच्या उत्पन्नापैकी किमान २० टक्के रक्कम त्याच्या नावे मुदत ठेवीत ठेवणे बंधनकारक आहे. मराठी वाहिन्यांनी आपल्या मालिकांपुरती तरी याच्या अंमलबजावणीची माहिती जाहीर करावी.

– एक वाचक, ठाणे